अक्कांचे पेशंट पाचला बरे होत

आमच्या शिंदखेड्यात अक्का रस्त्यात भेटल्या की जयभीम, नमस्कार, काय म्हणता, असलं काही व्हायच्या आत तुमचं मनगट त्यांच्या हातात गेलेलं असायचं. ब्लाउजला पिनेने टोचलेलं उलटं घड्याळ दुसऱ्या हाताने वर करून त्या बघायच्या, ओठ पुटपुटायचे, आणि मग मनगट सोडून म्हणायच्या, "हां. आता बोल." एकदा बाजाराच्या दिवशी त्यांनी असा एक परगावचा माणूस धरला. तो कापूस विकून आलेला. त्याने घाबरून दुसऱ्या हाताने खिसा दाबला. अक्का म्हणाल्या, "खिसा सोड, तुझी नाडी पळतेय." आता भर बाजारात अनोळखी बाईने मनगट धरल्यावर कुणाची नाडी पळणार नाही? पण हे अक्कांना सांगणार कोण. त्याला त्यांनी लिंबाच्या सावलीत बसवलं, गुळाचा खडा खायला लावला आणि नाडी चालायला लागल्यावरच सोडलं.

अक्का धुळ्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. ऐंशीच्या दशकात कधीतरी त्या रिटायर होऊन गावी परत आल्या. माणसं रिटायर होताना शाल-श्रीफळ घेऊन येतात, अक्का खाटा घेऊन आल्या. दवाखान्याने मोडीत काढलेल्या लोखंडी खाटा. स्टेशन रोडवरच्या त्यांच्या घरासमोर ट्रक उभा राहिला तेव्हा आम्हाला वाटलं, बाई धर्मशाळा काढतेय. अक्का हमालांवर ओरडत होत्या, "सावकाश उतरवा रे, पेशंट झोपायचेत त्यावर." पेशंट कुठले, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अक्कांनाही नव्हतं, हे मागाहून कळलं.

आठवडाभराने दारावर पाटी लागली. 'नर्सिंग क्लास. नोकरीची खात्री.' सगळ्या गावाने ती पाटी वाचली आणि सगळं गाव हसलं. नोकरी हा शब्दच आमच्याकडे पुरुषांसाठी होता. शाळामास्तर, तलाठी, एसटीतला कंडक्टर, संपलं. पोरींना दहावी झाली की दोन रस्ते होते, एक सासरचा आणि दुसरा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी परत यायचा. सरकारी नर्सिंगच्या जागा धुळ्याला आणि जळगावला, त्याही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि नंबर लागला तरी पोरीला होस्टेलवर ठेवायला बाप तयार नाही. अशा सगळ्या गाळलेल्या पोरी अक्कांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. अक्कांनी त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की माझ्या क्लासला सरकारचा शिक्का नाही, माझ्याकडून फक्त हात मिळेल. मग नोकरीची खात्री कशी, असं एकीने विचारलं. तेव्हा अक्का अहिराणीत जे बोलल्या ते पुढे आमच्या गावात म्हणीसारखं झालं. "एक आडवा पडना, का एक उभा लागस. नोकरी म्हंजे इतलंच." एक माणूस आडवा झाला की त्याच्याजवळ एक माणूस उभा लागतोच. जोवर माणसं आडवी होतायत तोवर उभ्या राहणाऱ्याला काम आहे. ऐकायला किती सोपं. आमच्याकडचे आडवे मात्र थेट धुळ्याला जात, ही खरी पंचाईत होती.

त्या पोरींत मीही होते. फार दिवस नाही. इंजेक्शनचा सराव आम्ही वांग्यांवर करायचो. भरताची मोठी हिरवी वांगी, आमच्याकडे त्यांना काय तोटा. सुई तिरकी धरायची, घुसवायची, पाणी सोडायचं. मग तीच वांगी संध्याकाळी घरोघरी भाजली जायची, आणि आमचे वडील विचारायचे, आज भरीत पाणचट का लागतंय? वांग्यापर्यंत माझं बरं चाललं होतं. एका दिवशी शेजारच्या पोरीच्या बोटाला सुई लागून रक्ताचा एक थेंब आला, आणि मी जी आडवी झाले ती चहाच्या वेळी उठले. उठले तेव्हा उशाशी अक्का बसलेल्या. मला वाटलं रागावतील. त्या तर खूश होत्या. म्हणाल्या, "तू उभं राहायच्या कामाची नाहीस. पण पडतेस छान. उद्यापासून तू कावीळ."

म्हणजे असं की अक्कांच्या खाटांवर माणसं हवी होती. रिकाम्या खाटेवर नर्सिंग शिकवता येत नाही, आणि गावात खरा पेशंट मिळत नाही. म्हणून त्यांनी सरावासाठी पेशंट नेमले होते. पहिल्या खाटेवर दगा नाना. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, आवाज असा की आजही 'पुढे सरका' म्हणाले तर अख्खी गल्ली सरकेल. त्यांना अक्कांनी टायफॉईड दिला. दुसऱ्या खाटेवर झिपरू आबा, शेती पोरांच्या हाती देऊन मोकळे झालेले. त्यांना मांडीचं हाड मोडल्याचं दिलं. रोज दुपारी पोरी त्यांच्या पायाला फळी बांधत आणि पट्ट्या गुंडाळत. तिसऱ्या खाटेवर मी, कावीळ. माझं नाव आई-बापाने चांगलं ठेवलं होतं, पण अक्कांनी मला त्यानंतर कधी त्या नावाने हाक मारली नाही.

दुपारी जेवणं झाली की आम्ही येऊन झोपायचो. पोरी ताप बघायच्या, नाडी बघायच्या, चादर बदलायच्या. चादरीवरून अक्कांसारखी कटकट मी जन्मात पाहिली नाही. माणूस खाटेवर असताना, त्याला न उठवता, चादर बदलून कोपरे असे खोचायचे की हलता कामा नये. पोरीने कोपरा खोचला की अक्का खाटेवर स्वतः आडव्या व्हायच्या आणि पायाच्या अंगठ्याने तो कोपरा ओढून बघायच्या. निघाला तर म्हणायच्या, "पुन्हा." रागावणं नाही, समजावणं नाही, नुसतं पुन्हा. घड्याळात पाच वाजले की त्या टाळी वाजवून म्हणायच्या, "पाच वाजले. बरे व्हा." की आम्ही उठायचो. झिपरू आबा पायाची फळी सोडून काखेत मारायचे, दगा नाना आपली चादर घडी करून उशाशी ठेवायचे, मी केस बांधायचे, आणि तिघं आपापल्या घरी. रोज. सुट्टी फक्त रविवारी, कारण अक्का म्हणायच्या, पेशंटलाही आराम लागतो.

आता लोक म्हणतील, या म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नव्हता का? नव्हताच. शिवाय तिथे पंखा होता, चारला चहा होता, आणि चांगल्या आठ-दहा पोरी खाटेशी वाकून विचारायच्या, "नाना, आज कसं वाटतंय?" दगा नाना मला एकदा हळूच म्हणाले, "घरी माले कोन पुसस, बाई?" तेव्हापासून मी त्यांना हसणं सोडलं.

पण म्हातारे भारी होते बरं का. दगा नानांना आपल्या टायफॉईडचा भयंकर अभिमान. झिपरू आबांचा पाय मोडलाय, त्यात काय एवढं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आबा चिडून म्हणत, तुझा ताप उतरेल, माझं हाड कधी जुळायचं नाही. एकदा आबांनी अक्कांकडे बढती मागितली, म्हणजे मला कॅन्सर द्या म्हणाले. अक्कांनी सरळ सांगितलं, "आधी फ्रॅक्चर नीट करा. परवा मोडक्या पायावर पाय टाकून बसला होता."

आणि आमच्याकडची रीत. माणूस आजारी पडला की त्याला भेटायला जायचं म्हणजे जायचंच. वैर असलं तरी जायचं. नाही गेलं तर ते पुढच्या लग्नाच्या पंगतीपर्यंत लक्षात ठेवतात. दगा नाना रोज दुपारी आजारी असतात ही बातमी त्यांच्या बहिणीपर्यंत पोहोचली, तशी ती बिस्किटांचे पुडे आणि ग्लुकोजचा डबा घेऊन थेट क्लासात आली, भावाच्या पायाशी बसून रडली. नानांनीही तिला निराश केलं नाही, चांगले कण्हले. मला वाटलं अक्का तिला खरं काय ते सांगून पाठवतील. छे. अक्कांनी पोरींना गोळा केलं आणि शिकवायला लागल्या. "हे बघा, भेटायला आलेला माणूस अर्धा पेशंट असतो. त्याला पाणी द्या, पंख्याखाली बसवा, आणि त्याची नाडी बघा." नानांच्या बहिणीची नाडी बघितली गेली. जाताना ती म्हणाली, भाऊ बरा झाला की मीच येऊन पडेन.

या सगळ्या पोरींत शाली वेगळी होती. तिचे वडील भिका भाऊ, सायकलीचं दुकान. शालीचा कोपरा अक्कांच्या अंगठ्याने कधी निघाला नाही. अक्का अंगठा लावायच्या, ओढायच्या, जोर करायच्या, आणि मग काही न बोलता उठायच्या. ही त्यांची शाबासकी. शालीला नर्सच व्हायचं होतं, दुसरं काही नाही. आणि भिका भाऊंना ते मुळीच नको होतं. माणूस वाईट नव्हता. पण पोरगी परक्या पुरुषांची अंगं पुसणार, लोक काय म्हणतील, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. सुरतेहून एक स्थळ आलं होतं, मुलगा साडीच्या कारखान्यात. एका दुपारी भाऊ क्लासात येऊन दारातच उभे राहिले आणि अक्कांना म्हणाले, "अक्का, पाटीवर खात्री लिहिलीय तुम्ही. आखाजीपर्यंत वाट बघतो. नोकरी लागली तर मी काही बोलणार नाही. नाही लागली तर आखाजीला सुरतेची माणसं येतायत, सुपारी फोडणार."

अक्का म्हणाल्या, "चालेल." शाली भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा असा झाला की माझीच कावीळ खरी असावी आणि तिला लागली असावी.

मग नोकरी शोधायची धावपळ सुरू झाली. धुळ्याला दोन दवाखान्यांनी कोर्सचा कागद मागितला, तो नव्हता. जळगावला एका खासगी दवाखान्यात मुलाखत ठरली. अक्का शालीला घेऊन गेल्या, आणि रक्त न दाखवण्याच्या अटीवर मीही गेले. टेबलामागे तीन डॉक्टर. त्यांनी शालीला विचारलं, अनुभव काय? शालीने खरं ते सांगितलं. एक टायफॉईड, एक फ्रॅक्चर, एक कावीळ सांभाळलीय.

"बरे झाले का?" मधल्या डॉक्टरांनी विचारलं.

"हो सर."

"किती दिवसांत?"

"रोज पाचला, सर."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी जेवण झालं की परत आजारी पडतात."

त्यांनी तिला बाहेर बसायला सांगितलं, ते आजतागायत. अक्का तरातरा चालत बसस्टँडवर आल्या. मग म्हणाल्या, "पोरगी खोटं बोलली नाही ते त्यांना खपलं नाही." मला हसू येत होतं, पण शालीकडे बघून मी ते दाबलं. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली. आखाजी अगदी तोंडावर आली होती. गावात झोके बांधायला सुरुवात झाली होती आणि माहेरवाशिणी यायला लागल्या होत्या.

त्याच सुमाराला आमच्या गावात स्टेशन रोडवर एक नवा दवाखाना निघाला. धुळ्याचे एक तरुण डॉक्टर, सासऱ्यांनी बांधून दिलेली दोन मजली इमारत, आत नवीकोरी पांढरी कॉटं. मित्रांनी उद्घाटनाला भेट दिलेलं टोल्यांचं मोठं घड्याळ भिंतीवर. पेढे सगळ्यांनी खाल्ले, आजारी मात्र कुणी पडेना. म्हणजे पडत होते, पण आमच्याकडे 'धुळ्याला नेलं' असं म्हणण्यातच इज्जत होती. गावातल्या गावात बरं झालं तर तो आजार कसला? डॉक्टर बिचारे दिवसभर दारात खुर्ची टाकून पेपर वाचत, आणि येणारा-जाणारा त्यांना तब्येत कशी आहे म्हणून विचारत जाई.

अक्का शालीला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. डॉक्टर माणूस गोड, उठून उभे राहिले. म्हणाले, "अक्का, पोरगी चांगली दिसते. पण इथे पेशंटच नाहीत तर नर्स ठेवून काय करू? ती आणि मी मिळून पेपर वाचू का?"

अक्का म्हणाल्या, "पेशंट आले तर ठेवाल?"

"लगेच ठेवेन."

"मग झालं," म्हणाल्या, आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची वरात निघाली. पुढे अक्का, त्यांच्यामागे उशी काखेत घेतलेले दगा नाना, मग पायाला फळी बांधून दोघी पोरींच्या खांद्यावर लंगडणारे झिपरू आबा, मग चादर पांघरून मी, आणि शेवटी पांढरी साडी नेसलेली शाली. बाजारपेठेतून मुद्दाम. आबा लंगडत होते पण चौकाचौकात पाय बदलत होते, हे मला मागून दिसत होतं. लोक दुकानाबाहेर येऊन बघायला लागले. नाना मधूनमधून कण्हून आपल्या टायफॉईडची जाणीव करून देत होते.

डॉक्टर दारातच उभे राहिले. "अक्का, यांना काय झालंय?"

"ते तुम्ही सांगा. डॉक्टर तुम्ही आहात."

"अहो, पण हे सगळे तुमच्या क्लासातले. काही झालेलं नाही यांना."

"तपासलं का?"

डॉक्टरांनी तपासलं. साठीच्या पुढच्या माणसाला तपासलं की काहीतरी निघतंच, विहिरीत बादली सोडल्यासारखं. आबांचं ब्लडप्रेशर वर निघालं. नानांना मधुमेह निघाला. नाना ताडकन उठून बसले. इतक्या वर्षांचा सांभाळलेला आजार एका मिनिटात गेला होता. "साखर? आणि मना टायफॉईड कोठे गया?" ते असे हवालदिल झाले की डॉक्टरांनाच वाईट वाटलं. मला रक्त कमी आहे म्हणाले, आणि रक्त हा शब्द ऐकून मी आडवी झाले, त्यामुळे माझंही ॲडमिट होणं नियमात बसलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि निदान दिवसभर देखरेखीखाली राहा म्हणून आम्हाला कॉटं दिली. अक्का तेवढ्यासाठीच आल्या होत्या. तीन आडवे झाले होते. शाली उभी राहिली.

दुपारपर्यंत गावात बातमी गेली की तिघं दवाखान्यात भरती. आणि मग रीत सुरू झाली. नानांची बहीण आली, एसटीतले जुने ड्रायव्हर आले, आबांची पोरं-सुना आल्या, माझ्या तर अशा आत्या आल्या ज्यांना मी फक्त लग्नकार्यातच बघितलं होतं. शेजारच्या खेड्यांतून ट्रॅक्टर भरून माणसं आली. आखाजीला आलेल्या माहेरवाशिणी नटूनथटून आल्या. बिस्किटांच्या पुड्यांनी माझ्या उशाशी भिंत झाली. खाली बसायला जागा नाही, खिडकीत माणसं, आणि डॉक्टर आपल्याच दवाखान्यात भिंतीला चिकटून उभे. शाली मात्र मधोमध. पाणी देतेय, पंखा सोडतेय, एकेकाची नाडी बघतेय. अर्धे पेशंटच ते.

अशात भिका भाऊ आले. दगा नाना त्यांचे जुने गिऱ्हाईक, न येऊन चालणार नव्हतं. आणि पाहुण्यांना घरी एकटं कसं टाकायचं, म्हणून सुरतेहून आदल्या दिवशीच येऊन थांबलेली माणसंही सोबत. मुलगा, त्याची आई, एक मामा. चौघं आत घुसणार तोच शाली दारात आडवी आली.

"भाऊ, चपला बाहेर. आणि एका वेळी दोघंच आत. बाकीच्यांनी बाकावर बसायचं."

भाऊंच्या पोरीने भाऊंना, पाहुण्यांसमोर. मी डोळे मिटून घेतले. पण भाऊंनी मुकाट्याने वाकून चपला काढल्या. पाहुण्यांच्या पुढे त्यांचा चेहरा असा काही झाला होता की राग म्हणावा की काय म्हणावं मला कळेना. ते बाकावर जाऊन बसले आणि आपला नंबर यायची वाट बघू लागले.

आणि तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाचे टोले पडायला लागले.

आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. अक्का त्या वेळी बाहेर डॉक्टरांना ग्लुकोजचे डबे कुठे ठेवायचे ते दाखवत होत्या. पण तीन वर्षांची सवय अंगात मुरलेली. पाचवा टोला पडला आणि दगा नाना उठले. चादरीची घडी घातली, उशाशी ठेवली. झिपरू आबांनी पायाची फळी सोडली, काखेत मारली आणि खाली उतरून चालायला लागले, मोडक्या पायावर, ठणठणीत. मी केस बांधले आणि त्यांच्यामागे निघाले. दारापर्यंत गेले तेव्हा लक्षात आलं की अख्खा दवाखाना गप्प झालाय. कुणाच्या हातातला बिस्किटाचा तुकडा तसाच राहिला होता.

मी मनात म्हटलं, मेलो. शालीची नोकरी गेली, अक्कांची पाटी गेली, आता सुपारी फुटली.

तेवढ्यात खिडकीतली एक म्हातारी ओरडली, "व माय, हाऊ ते चाली राहिना!"

आबा चालतायत हे ऐकून मग जो गलका झाला. सकाळी दोघींच्या खांद्यावर आलेला माणूस पाचला स्वतःच्या पायाने घरी चालला, हे बाजारपेठेने डोळ्यांनी बघितलं होतं. आबांच्या सुनेने डॉक्टरांचे पाय धरले. नानांची बहीण, जी म्हणाली होती भाऊ बरा झाला की मीच येऊन पडेन, तिने शब्द पाळला, भावाच्या मोकळ्या कॉटवर तिथल्या तिथे आडवी झाली. तिच्या गुडघ्याचं दुखणं कितीक वर्षांचं होतं. दुसऱ्या कॉटवर एक दम्याचा माणूस जाऊन बसला. माझ्या कॉटसाठी दोन बायकांत भांडण झालं. धुळ्यालासुद्धा एका दिवसात हाड जुळत नाही, असं कोण कोणाला सांगत होतं.

डॉक्टर अक्कांकडे वळून म्हणाले, "अक्का, मला लोकांना खरं सांगायला पाहिजे."

"सांगा की," अक्का म्हणाल्या. "पण आधी त्या बाईचे गुडघे बघा, ते खरे आहेत."

डॉक्टरांनी खरं सांगितलं, अगदी मोठ्या आवाजात, दोनदा. लोकांना त्यांचा विनय फार आवडला.

संध्याकाळी त्यांनी शालीला विचारलं, उद्या सकाळी लवकर येशील ना? ती हो म्हणाली. एवढीच तिची नेमणूक. भिका भाऊंना वाटेत लोक थांबवून विचारत होते, म्हणजे सुरतेच्या माणसांचं काय? भाऊंनी सायकलीच्या दुकानात बसून त्यानंतर कित्येक दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच गोष्ट सांगितली. पंक्चर काढता काढता मान वर करून म्हणायचे, "मनी पोरनी माले बाहेर काढं. चपला काढाले लावी." आणि पोटच्या पोरीने बाहेर काढलं हे इतक्या अभिमानाने म्हणायचे की गिऱ्हाईकही आपल्या चपला काढायचं. सुरतेच्या बाईंनी जाताना पोरीची चौकशी जास्तच प्रेमाने केली, नोकरीवाली सून कुणाला नको. पण भाऊंनीच त्यांना बाकावर बसवून ठेवलं, म्हणजे बोलण्यात, बघू बघू म्हणत. ती आखाजी शालीने झोक्यावर नाही घालवली, दवाखान्यात घालवली, आणि मी तिला इतकी खूश पुन्हा फार कमी वेळा बघितलं.

पुढे डॉक्टरांनी शालीला सुट्टी देऊन धुळ्याला रीतसर कोर्स करायला लावला, ती कागद घेऊन परत आली आणि त्याच दवाखान्यात मोठी सिस्टर झाली. अक्कांच्या बाकीच्या पोरीही कुठे ना कुठे लागल्या. दगा नानांनी साखर मनापासून स्वीकारली नाही, पण गोळ्या घेतल्या. मी पंचायत समितीत क्लार्क झाले, जिथे आजारी पडायची गरज कधी पडली नाही, सगळेच जेवणानंतर आडवे.

नव्वदच्या दशकात एकदा ऑफिसातून येताना कळलं की अक्का दवाखान्यात भरती आहेत. सांगणारा हसतच होता. गावात सगळे हसत होते. अक्कांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं, की खेड्यातून एक नवी पोरगी आलीय, डॉक्टर म्हणतात आणखी नर्सची गरज नाही, म्हणून खाट अडवायला जाऊन पडलेय. सगळ्यांना पटलंही. अक्काच त्या, दुसरं काय करणार? मी बिस्किटांचा पुडा घेतला आणि गेले. रीत म्हणजे रीत.

खिडकीजवळच्या कॉटवर त्या होत्या. पांढरी साडी, घड्याळ उशाशी. मला बघून हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. पूर्वी ती पकड हिसका दिला तरी सुटत नसे. आता मीच मनगट त्यांच्या हातात धरून ठेवलं, नाहीतर त्यांचा हात घसरला असता. बराच वेळ त्या मोजत राहिल्या. मोजणं चुकलं असावं, त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

भिंतीवरच्या जुन्या घड्याळाने पाचाचे टोले दिले. मी हसत म्हटलं, "अक्का, पाच वाजले. बरे व्हा."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. मग मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू, दगा नाना टायफॉईडबद्दल बोलायचे तशा तोऱ्यात, म्हणाल्या, "कावीळ, बाकी बठ्ठं सोंग व्हतं. मी खरीखुरी आजारी शे."

माझ्या हातातला पुडा मी नुसता दाबत होते, आतली बिस्किटं मोडल्याचा आवाज येत होता. त्यांनी माझं मनगट सोडलं. "तुझी नाडी चांगलीय. जा आता घरी. पाच वाजलेत." मी तोंड फिरवलं आणि रडले, आणि रडून झाल्यावर निघाले.

दारातून वळून पाहिलं. खेड्यातली ती नवी पोरगी चादर बदलून पायथ्याचा कोपरा खोचत होती, शाली मागे उभी राहून बघत होती. पोरगी बाजूला झाली. अक्कांचा अंगठा हळूहळू कोपऱ्यापर्यंत गेला, चादरीत अडकला, ओढायला लागला. कोपरा काही सुटेना. पोरीच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. मला इतक्या लांबून दिसत होतं की खोचलेलं सैल आहे, अंगठ्यातच जोर नाही. शालीलाही दिसलं. ती वाकली, एका बोटाने तो कोपरा ओढून बाहेर काढला, आणि पोरीला म्हणाली, "पुन्हा."